एक ग्लास, आठवड्यातून एकदाच

पत्र (थोडक्यात): मी चौतीस वर्षांची आहे. हे माझे पहिले गरोदरपण असून सध्या अकरावा आठवडा चालू आहे. दिवस गेल्याचे मला सहाव्या आठवड्याच्या शेवटी कळले. त्याआधीच्या पंधरवड्यात दोन समारंभांत मी वाइन घेतली होती, एकदा एक ग्लास आणि एकदा दोन. कळल्यापासून एक थेंबही घेतलेला नाही, पण ते तीन ग्लास डोक्यातून जात नाहीत. माझी एक मैत्रीण म्हणते की आठवड्याला एखाद्या ग्लासाने काही होत नाही, तसे संशोधनच आहे. तिने दोन्ही वेळेला घेतली आणि तिची मुले उत्तम आहेत. नवऱ्याचे म्हणणे असे की वासही नको. तो काळजीने विचारतो की पाळत ठेवतो, हेच कळेनासे झाले आहे. खरे काय समजायचे? आणि पुढे बाळाला अंगावर पाजत असताना कधी तरी घेतलेली चालते का? त्या तीन ग्लासांबद्दल मी डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्याकडे मी शेवटी येईन. आधी त्या तीन ग्लासांचे पाहू, कारण ते मनातून उतरल्याशिवाय पुढचे काही नीट ऐकू येणार नाही.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. त्यामुळे तुमचा सहावा आठवडा संपत आला तेव्हा गर्भधारणा होऊन प्रत्यक्षात चारच आठवडे झाले होते, आणि तुमचे दोन्ही समारंभ गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आले. अगदी सुरुवातीच्या दिवसांत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात पुरता रुजलेला नसतो, म्हणून 'तेव्हा घेतलेले काही लागत नाही' असे सांगून पुष्कळदा समजूत काढली जाते. तुमच्या बाबतीत मी ते सांगणार नाही, कारण ते तंतोतंत खरे ठरणार नाही: मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात ती याच सुमारास मिटत असते आणि हृदयाची घडणही सुरू झालेली असते. परंतु काळ नाजूक असणे म्हणजे त्या काळातल्या प्रत्येक घोटाने इजा होणे, असाही अर्थ नाही. दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लासात, वाइन बारा टक्क्यांची असेल तर, साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून ते दोन-तीन तासांत निघून जाते. आयर्लंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील ५,६२८ पहिलटकरणींचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी पहिल्या पंधरा आठवड्यांत कधी ना कधी मद्य घेतलेले होते, तरीही बाळाचे कमी वजन, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांचे प्रमाण त्यांच्यात आणि अजिबात न घेणाऱ्यांत वेगळे आढळले नाही.

गर्भपाताबद्दलही सांगून ठेवते, कारण रात्री मोबाइलवर शोधताना ते तुमच्यासमोर येईलच. २०२० साली अमेरिकेत पाच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात पाचव्या ते दहाव्या आठवड्यांच्या दरम्यान मद्य चालू राहिलेल्या प्रत्येक जादा आठवड्यामागे गर्भपाताची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही वाढ मूळ शक्यतेच्या ८ टक्के आहे, शंभरातल्या आठ स्त्रियांचा गर्भपात होतो असा तिचा अर्थ नाही. तुम्ही सहाव्या आठवड्यात थांबलात आणि आता अकराव्यात आहात. हाच अभ्यास लवकर थांबण्याचा उपयोग दाखवतो, आणि ते तुम्ही केलेले आहे.

मुळात ज्या आजाराच्या भीतीने झोप उडते त्याचे चित्रही समोर असलेले बरे. फ्रान्समधील नांत शहरात पॉल लेम्वान या बालरोगतज्ज्ञाने १९६८ साली १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले; पुढे १९७३ मध्ये सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्या चित्राला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. डोळ्यांच्या फटी आखूड, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, वाढ खुंटलेली आणि मेंदूला कायमची इजा, अशी ही मुले होती. त्यांच्या माता दीर्घकाळ आणि भरपूर पिणाऱ्या होत्या. तुमचे तीन ग्लास या चित्रात कुठेच बसत नाहीत. मात्र हा आजार म्हणजे एका मोठ्या पट्ट्याचे एक टोक आहे, हे नंतरच्या वर्षांत लक्षात आले: चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, पण लक्ष एकाग्र होत नाही, गणित अडते, स्वतःला आवरता येत नाही, अशी मुले त्या पट्ट्याच्या अलीकडच्या भागात येतात आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. 'थोडी घेतली तर' हा प्रश्न खरा याच भागाविषयीचा आहे.

आता तुमच्या मैत्रिणीचे संशोधन. ती खोटे बोलत नाही. डेन्मार्कमध्ये १,६२८ माता आणि त्यांची पाच वर्षांची मुले यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि आठवड्याला एक ते चार पेये घेणाऱ्या मातांच्या मुलांची बुद्धी व एकाग्रता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. ब्रिटनमध्ये २००० सालाच्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीत तर आठवड्याला एक-दोन युनिट (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल) घेणाऱ्या मातांची मुले काही चाचण्यांत न घेणाऱ्यांच्या मुलांपेक्षा किंचित सरस निघाली. वृत्तपत्रांना यापेक्षा अधिक काय हवे होते? पण मद्याने बाळाची बुद्धी वाढते असे मानायला त्या संशोधकांपैकी कोणीही तयार नव्हते, आणि का नव्हते तेच समजून घेण्याजोगे आहे.

ब्रिटनमध्ये जेवणाबरोबर मोजका एक ग्लास घेणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली, बऱ्या उत्पन्नाची, धूम्रपान न करणारी असते. तिच्या घरात पुस्तके असतात, तिच्या तपासण्या वेळेवर होतात. उलट मद्य अजिबात न घेणाऱ्यांमध्ये आधी गर्भपात झाल्यामुळे किंवा एखाद्या दुखण्यामुळे जपून राहणाऱ्या स्त्रियाही असतात. म्हणजे तुलना एका ग्लासाची आणि शून्य ग्लासांची होत नाही; ती दोन वेगवेगळ्या आयुष्यांची होते, आणि चांगल्या परिस्थितीचा फायदा ग्लासाच्या खात्यावर जमा होतो. संशोधक हिशेबातून ही परिस्थिती वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ती पुरती वजा होत नाही.

हा गुंता सोडवण्याचे दोन प्रयत्न मला फार विचार करायला लावणारे वाटतात. अल्कोहोल किती वेगाने पचते हे काही जनुकांवर अवलंबून असते, आणि ती जनुके कोणाच्या वाट्याला यावीत हे शिक्षण किंवा उत्पन्न ठरवत नाही. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये चार हजारांहून अधिक मुलांची आठव्या वर्षीची बुद्धिमत्ता या जनुकांशी ताडून पाहिली. आठवड्याला एक ते सहा युनिट घेणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये हा संबंध दिसला: अल्कोहोल संथपणे पचवणारी रूपे जितकी अधिक, तितके गुण थोडे कमी. गरोदरपणात अजिबात न घेतलेल्या मातांच्या मुलांमध्ये मात्र त्याच जनुकांनी काहीच फरक पडला नाही. दुसरा प्रयत्न कोणी आखलेला नव्हता. स्वीडनमधील दोन प्रांतांत १९६७ च्या नोव्हेंबरपासून कडक बिअर साध्या किराणा दुकानांत विकायला परवानगी मिळाली, आणि तरुणांमध्ये पिणे इतके वाढले की १९६८ च्या जुलैमध्ये मुदतीआधीच ती रद्द करावी लागली. त्या काही महिन्यांत पोटात असलेली मुले, विशेषतः एकवीस वर्षांखालील मातांची, तिशी ओलांडल्यावर पाहिली तेव्हा शिक्षणात आणि कमाईत मागे पडलेली आढळली. तिथले पिणे हलके होते असे मी म्हणत नाही. पण पाचव्या वर्षीच्या एका चाचणीत न दिसणारी गोष्ट बत्तिसाव्या वर्षी दिसू शकते, एवढे त्यातून कळते.

ब्रिस्टललाच २०१७ मध्ये हलक्या मद्यपानावरचे तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले. हलके म्हणजे आठवड्याला ३२ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल, म्हणजे वर सांगितलेल्या मापाचे जेमतेम सव्वादोन ग्लास. जगभरातून हाती लागले किती, तर फक्त २६ अभ्यास. त्यांत एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट होती: दिवसांच्या मानाने लहान बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी अधिक होती. शंभर बाळांत अशी दहा बाळे मानली जातात, तर ती अकराच्या जवळ जातात. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीकडे थोडा कल दिसला. बाकी बहुतेक बाबतींत होकार किंवा नकार देण्याइतकी माहितीच नव्हती. जाळ्याची वीण मोठी असेल तर लहान मासा सापडत नाही, म्हणून तळ्यात मासा नाही असे कोळी म्हणत नाही; मैत्रिणीने मात्र तेवढ्यावरून तसे म्हटले आहे.

जाळे सैल राहण्याची कारणेही साधी आहेत. किती घेतली हे बहुतेक अभ्यासांत स्त्रीलाच विचारलेले असते, आणि या प्रश्नाला खरे उत्तर देणे किती अवघड जाते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शिवाय 'एक पेय' म्हणजे ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम, ऑस्ट्रेलियात १०, डेन्मार्कमध्ये १२ आणि अमेरिकेत १४ ग्रॅम अल्कोहोल. घरी मोठ्या ग्लासात हाताने ओतलेली 'एकच' यांपैकी कोणत्याच मापात बसत नाही, ती सहज दीडपट होते.

प्रयोग करून एकदाचा निकाल का लावत नाहीत, असे तुम्ही विचाराल. गरोदर स्त्रियांचे दोन गट पाडून एका गटाला मद्य पाजण्याची परवानगी कोणतीही नैतिकता समिती देणार नाही. गंमत अशी की डॉक्टरांनीच ते एकेकाळी दिले आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षे अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी अल्कोहोल सलाइनमधून शिरेत देण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत होती. ती इतिहासजमा झाली, पण 'आमच्या वेळी डॉक्टरच द्यायचे' हे वाक्य तुमच्या कानावर आले, तर ते ठार खोटे नसते.

शरीरात काय घडते त्याबद्दल मात्र फारसा वाद नाही. अल्कोहोलचा रेणू इतका लहान असतो की वार त्याला अडवू शकत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातले प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाजवळ पोहोचते. आईचे यकृत कामाला लागते, बाळाचे यकृत मात्र अजून त्या कामाचे झालेले नसते, त्यामुळे बाळाची सुटका मुख्यतः आईच्या रक्तावाटेच होते. काही भाग गर्भजलात उतरतो आणि बाळ ते गर्भजल गिळत असल्याने तोच भाग पुन्हा त्याच्या पोटात जातो. गर्भातले बाळ श्वासाचा सराव केल्यासारखी छाती हलवत असते. शेवटच्या महिन्यांत आईने एखादे पेय घेतले तरी ही हालचाल काही काळ जवळजवळ थांबते, हे १९७० च्या दशकातच सोनोग्राफीवर पाहिले गेले आहे. ती नंतर पूर्ववत होते, आणि त्यातून कायमची इजा होते असे म्हणता येत नाही. पण आईला जे जाणवतही नाही ते बाळापर्यंत पोहोचलेले असते, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. मेंदूची वाढ पहिल्या तिमाहीत संपत नाही, ती नवव्या महिन्यापर्यंत आणि त्यानंतरही चालू राहते. म्हणून 'तीन महिने झाले, आता थोडी चालेल' या सवलतीलाही आधार नाही.

आईपुरते बोलायचे तर हलक्या मद्यपानाचे दुष्परिणाम फारसे नाट्यमय नसतात. गरोदरपणात आधीच होणारी छातीतली जळजळ आणि मळमळ वाढते, आधीच तुटक झालेली झोप अधिक तुटते, तोल सांभाळणे अवघड जाते, आणि चालू असलेल्या काही औषधांशी मद्याचे जमत नाही.

मैत्रिणीच्या मुलांबद्दल एवढेच: ती उत्तम आहेत याचा मलाही आनंद आहे, पण त्यांच्यावरून तुमच्या बाळाचे काही ठरत नाही. जगभरची आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार गरोदरपणात मद्य घेणाऱ्या, अर्थात भरपूर घेणाऱ्याही धरून, दर १३ स्त्रियांमागे एकीच्या बाळावर त्या मोठ्या पट्ट्यातला काही ना काही परिणाम होतो. म्हणजे बाराजणी 'मला काही झाले नाही' असे खरेपणानेच सांगतात. एकाच गर्भाशयात, एकाच वेळी, तेवढेच अल्कोहोल मिळालेल्या भिन्न (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) जुळ्यांपैकी एकावर परिणाम झाला आणि दुसऱ्यावर कमी झाला, अशीही उदाहरणे नोंदलेली आहेत. जिथे दोन जुळ्यांचे नशीब जुळत नाही, तिथे दोन मैत्रिणींचे जुळेल असे कशावरून म्हणायचे?

म्हणून माझे उत्तर: इथून पुढे प्रसूतीपर्यंत अजिबात घेऊ नये. आठवड्याला एक ग्लास घेतल्याने तुमच्या बाळाला इजा होईलच असे मी म्हणत नाही. सुरक्षित मर्यादा कोणती हे कोणीही दाखवू शकलेले नाही, आणि सोडायचे आहे ते आणखी सुमारे सात महिने न घेण्याइतकेच, म्हणून मी हे सांगते. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही याच विचाराने २०१६ मध्ये अजिबात न घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग असे स्पष्ट केले; त्याआधी तिथे पहिल्या तिमाहीनंतर आठवड्यातून एक-दोनदा, एक-दोन युनिटपर्यंतची मोकळीक होती. समारंभात हातात काही हवे असेल तर 'अल्कोहोलविरहित' लिहिलेल्या बाटलीवरचा आकडा वाचावा, कारण अनेक देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयालाही तसे म्हणता येते. तेवढ्याने घाबरण्यासारखे काही नसते, पण शून्यच हवे असेल तर शून्य छापलेलेच घ्यावे.

तुमच्या पतींना, हे उत्तर ते वाचत असतील असे धरून, सांगते की वासाने बाळाला काही होत नाही. रोज विचारणा करण्यापेक्षा ते स्वतः पुढचे महिने तुमच्याबरोबर घ्यायचे थांबले, तर त्यांना विचारावे लागणार नाही आणि तुम्हाला सांगावे लागणार नाही. काळजी आणि पाळत यांतला फरक बहुधा इतक्याच गोष्टीने पडतो.

अंगावर पाजण्याच्या काळात गणित बदलते. अल्कोहोलचे दुधातले प्रमाण रक्तातल्या प्रमाणाबरोबर चढते आणि उतरते. घेतल्यानंतर अर्ध्या ते एका तासात ते सर्वाधिक असते आणि एका पेयाला निवळायला साधारण दोन तास किंवा थोडे अधिक लागतात. दूध काढून टाकल्याने ते लवकर निवळत नाही, कारण रक्तात आहे तोवर नव्या दुधातही ते उतरतच राहते. बिअरने दूध वाढते ही समजूत उलटी आहे: अल्कोहोलमुळे पान्हा फुटण्याला मदत करणारे संप्रेरक दबते, आणि फिलाडेल्फियातील १९९१ सालच्या एका प्रयोगात मातांनी थोडे मद्य घेतल्यावर बाळे चोखत अधिक होती, पण त्यांच्या पोटात दूध कमी जात होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, तेव्हा दोन पाजण्यांच्या मधे असा अवकाश सापडतच नाही, म्हणून तेव्हा टाळलेलेच बरे. पुढे, बाळ रात्री सलग झोपू लागल्यावर, त्याला पाजून झाल्यानंतर एखादा ग्लास घेतला आणि पुढच्या पाजण्यापूर्वी दोन-तीन तास जाऊ दिले, तर त्यात अपराध काही नाही. मात्र ज्या रात्री मद्य घेतले असेल त्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन कोणीही झोपू नये, आईने नाही आणि बापानेही नाही. बाळाचा श्वास कोंडला जाण्याचा तो धोका दुधातल्या अल्कोहोलपेक्षा कितीतरी मोठा आहे.

हे सदर वाचणाऱ्या आणखी एखाद्या गरोदर स्त्रीला रोज घेण्याची सवय असेल आणि न घेतल्यास हात थरथरत असतील, तर तिने माझे वाचून आज एकाएकी बंद करू नये. अशा अवस्थेत अचानक थांबणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते, आणि वैद्यकीय देखरेखीखाली ते सुरक्षितपणे थांबवता येते.

आता ते शेवटचे वाक्य. डॉक्टरांना सांगायचे ते कबुलीजबाब म्हणून नव्हे, तर तुमचा रक्तगट किंवा चालू औषधे सांगता तसे. त्याने तुमच्या तपासण्या फारशा बदलणार नाहीत: फॉलिक ॲसिड चालूच असेल, अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास अवयवांची सोनोग्राफी होईलच. त्या सोनोग्राफीकडून निकालाची अपेक्षा मात्र करू नका, कारण एकाग्रता किंवा स्मरणशक्ती कोणत्याही पडद्यावर दिसत नसते. नोंदीचा उपयोग दुसराच आहे. पुढे कधी मुलाच्या वाढीबद्दल काही शंका आली, तर कारण शोधणाऱ्या डॉक्टरांसमोर अंदाज नसून लिहिलेली माहिती असेल, आणि बहुधा ती वाचून ते हे कारण बाजूला ठेवून दुसरीकडे शोधू लागतील. पुढच्या तपासणीला जाताना एवढे कागदावर लिहून न्या: पाचव्या ते सहाव्या आठवड्यात वाइन, दोन वेळा, एकूण तीन ग्लास, त्यानंतर काही नाही.